सोडवणं आणि सोडून देणं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मराठीतलं 'सोडणं' हे क्रियापद मोठं गमतीचं आहे. मागंपुढं काय जोडलं, यावर त्याचा अर्थ पार उलटा होतो. आपण गाठ सोडवतो, कोडं सोडवतो, सावकाराकडे गहाण पडलेलं शेत सोडवून आणतो. या सोडवण्यात कष्ट आहेत, चिकाटी आहे, पदरचे पैसे आहेत. आणि 'सोडून देणं' म्हणजे काय? हात झटकून मोकळं होणं. बोलताना दोन्ही शब्द जवळचे वाटतात, पण प्रत्यक्षात त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ते अंतर किती, हे समजून घ्यायचं असेल तर माणसानं पिंजऱ्यात घातलेल्या चिंपांझींची गोष्ट ऐकायला हवी.

प्राण्यांची सुटका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. पिंजऱ्याचं दार उघडतं, प्राणी क्षणभर थबकतो आणि रानाकडे धूम ठोकतो. लोक टाळ्या वाजवतात, गोष्ट संपते. चिंपांझीच्या बाबतीत गोष्ट इथं संपत नाही. दार उघडलं तरी वीस-तीस वर्षं पिंजऱ्यात काढलेला चिंपांझी पुष्कळदा बाहेर येत नाही. त्यानं गवत कधी पाहिलेलंच नसतं. काँक्रीटची फरशी आणि लोखंडी गज सोडून पायाखाली दुसरं काही आलेलं नसतं. तो दारात बसतो, हिरव्या गवताला एक बोट लावून बघतो आणि हात मागं घेतो.

आपण सैलपणानं त्याला माकड म्हणतो, पण चिंपांझी हे माकड नव्हे. त्याला शेपूट नसते. गोरिला, ओरांगउटान, बोनोबो यांच्याबरोबर त्याची गणना कपींमध्ये होते, आणि आजच्या प्राण्यांमध्ये चिंपांझी आणि बोनोबो हे दोघे माणसाचे सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत. हे नातंच त्याला महागात पडलं. जे माणसावर करून बघायची भीती वाटे, ते आधी त्याच्यावर करून बघितलं गेलं.

हॅमची गोष्ट घ्या. आफ्रिकेतल्या कॅमेरूनच्या जंगलात तो जन्मला. अगदी लहान असताना पकडला गेला, अमेरिकेत आला आणि १९५९ साली तिथल्या हवाई दलाच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या हॉलोमन तळावर दाखल झाला. तेव्हा त्याला नाव नव्हतं, नंबर होता : ६५. दिवा लागला की ठरावीक सेकंदांच्या आत दांडा ओढायचा, हे त्याला शिकवण्यात आलं. बरोबर ओढला तर केळ्याच्या स्वादाची गोळी, चुकला तर तळपायाला विजेचा झटका. ३१ जानेवारी १९६१ या दिवशी त्याला अग्निबाणाच्या टोकावरच्या कुपीत बांधून अवकाशात पाठवलं गेलं. सुमारे साडेसोळा मिनिटांचं ते उड्डाण. वरही तो दिवा बघून दांडा ओढत राहिला. अवकाशात गेलं तरी हातपाय आणि मेंदू काम करतात, हे त्यानं सिद्ध केलं. त्यानंतर तीन महिन्यांनी, ५ मे १९६१ रोजी, ॲलन शेपर्ड हा पहिला अमेरिकन अवकाशात गेला.

हॅम हे नावसुद्धा त्याला उड्डाणानंतर मिळालं. मोहीम फसली आणि प्राणी मेला तर नाव असलेला चिंपांझी मेल्याची बातमी होते. नंबराची तेवढी होत नाही, असा हिशेब त्यामागं होता.

परतल्यावर त्याचे फोटो जगभर छापले गेले. ओठ मागं ओढलेले, दोन्ही जबड्यांचे दात दिसताहेत. लोक म्हणाले, बघा कसा खुशीत हसतोय! पण चिंपांझीचं हसू तसं नसतं. घाबरलेला चिंपांझी दात दाखवतो. जंगलात चिंपांझींचा अभ्यास करण्यात हयात घालवलेल्या जेन गुडॉल यांनी ते फोटो पाहून सांगितलं होतं, की चिंपांझीच्या चेहऱ्यावर एवढी भीती आपण कधी पाहिली नव्हती. जाहिरातींत, सिनेमांत कपडे घातलेला चिंपांझी 'हसताना' दिसतो, तेव्हा हे लक्षात ठेवावं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एनॉस नावाच्या दुसऱ्या चिंपांझीनं पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातल्या. त्याच्या यंत्रात बिघाड झाला आणि बरोबर दांडा ओढला तरी झटका बसू लागला. तरीही तो शिकवल्याप्रमाणे बरोबर उत्तर देत राहिला. वर्षभरात आमांशानं तो मेला. हॅम १९६३ पासून वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात होता. तिथं त्यानं सतरा वर्षं एकट्यानं काढली. चिंपांझीला एकटं ठेवणं म्हणजे काय, हे समजायला त्याचं जगणं बघावं लागेल. तो घोळक्यात राहणारा प्राणी. दिवसाचा मोठा वेळ एकमेकांचे केस विंचरण्यात, भांडण्यात आणि भांडण मिटवण्यात जातो. १९८० मध्ये हॅमला नॉर्थ कॅरोलायनाच्या प्राणिसंग्रहालयात इतर चिंपांझींबरोबर राहायला मिळालं. जेमतेम तीन वर्षं. जानेवारी १९८३ मध्ये तो गेला.

हॅमचं नाव तरी राहिलं. बाकीच्यांचं काय झालं? सत्तरच्या दशकात हवाई दलाला चिंपांझी नकोसे झाले. त्यांना भाड्यानं संशोधन संस्थांकडे देण्यात आलं. कावीळ, नवी औषधं, विषारी द्रव्यं, अशा प्रयोगांत ते आणि त्यांची पिल्लं वापरली गेली. ऐंशीच्या दशकात एड्स आला. या रोगावरच्या संशोधनासाठी चिंपांझी लागतील म्हणून अमेरिकेत त्यांची मुद्दाम पैदास केली गेली. मग ध्यानात आलं, की एचआयव्हीची लागण होऊनही चिंपांझी माणसासारखा आजारी पडतच नाही. म्हणजे प्रयोगाला उपयोग नाही. पण जन्माला आलेली पिल्लं तर होती, आणि चिंपांझी पन्नास वर्षंही जगतो.

१९९७ साली हवाई दलानं उरलेले चिंपांझी काढून टाकायचं ठरवलं. त्यातले बहुतेक न्यू मेक्सिकोतल्याच एका खासगी प्रयोगशाळेला, कौलस्टन फाउंडेशनला, देण्यात आले. तिथं प्राण्यांची आबाळ होते, अशा तक्रारी तेव्हाही होत्या. कॅरोल नून या मानवशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी 'सेव्ह द चिम्प्स' नावाची संस्था काढली आणि थेट हवाई दलावर दावा ठोकला. १९९९ मध्ये तडजोड झाली आणि एकवीस चिंपांझी त्यांच्या हाती आले. फ्लोरिडात फोर्ट पिअर्स इथं जमीन घेऊन त्यांनी या एकवीस जणांसाठी पहिलं बेट तयार केलं.

पुढं २००२ साली कौलस्टनचं दिवाळं निघालं. एका देणगीदार संस्थेच्या मदतीनं नूनबाईंनी ती प्रयोगशाळाच ताब्यात घेतली, आतल्या २६६ चिंपांझींसकट. आता खरी परीक्षा होती. एवढ्यांना हलवायचं कुठं? आधी तिथल्या तिथं बदल सुरू झाले. ताजी फळं आली, अंगावर घ्यायला पांघरुणं आली, शेजारच्या पिंजऱ्यांना मधून दारं पाडली. वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून नुसता आवाज ऐकलेले शेजारी पहिल्यांदा एकमेकांना भेटले. दुसरीकडे फ्लोरिडात एकेक बेट तयार होत होतं. प्रत्येक बेट साधारण तीन एकरांचं, भोवती पाणी. चिंपांझीला पोहता येत नाही, त्यामुळे गजांची गरज नाही, पाणीच कुंपण. अशी बारा बेटं झाली. खास बांधलेल्या ट्रकमधून, एका वेळी दहाएक जण, अशी तीन हजार किलोमीटरहून लांबची ही वाहतूक डिसेंबर २०११ पर्यंत चालली. नूनबाई २००९ मध्येच कर्करोगानं गेल्या. शेवटचा ट्रक त्यांना बघता आला नाही, पण तो आला.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? विमानात घालून आफ्रिकेच्या जंगलात सोडायचे! त्याचं उत्तर सरळ आहे. जंगलात जगणं हे चिंपांझीच्या रक्तात उतरलेलं नसतं, ते आईकडून शिकावं लागतं. पिल्लू चार-पाच वर्षं आईचं दूध पितं आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं तिच्या मागंमागं फिरतं. कुठलं फळ कधी पिकतं, कुठला पाला कडू, रात्री झाडावर फांद्या वाकवून गादी कशी करायची, अनोळखी टोळी दिसली तर काय करायचं, हे सगळं तेव्हा कळतं. प्रयोगशाळेत जन्मलेल्याला यातलं काही ठाऊक नसतं. शिवाय त्याच्या अंगात माणसानं घातलेले कावीळ किंवा एचआयव्हीचे विषाणू असू शकतात. ते घेऊन त्याला रानातल्या भाईबंदांत पाठवता येत नाही. आणि आफ्रिकेतली जंगलंही आता तेवढी मोकळी राहिलेली नाहीत.

म्हणून आश्रयस्थान. ते प्राणिसंग्रहालय नव्हे. तिथं प्राणी प्रेक्षकांसाठी नसतात, विकले जात नाहीत, प्रयोगाला दिले जात नाहीत. खेरीज, पिल्लं होऊ दिली जात नाहीत. बहुतेक ठिकाणी नरांची नसबंदी करतात किंवा माद्यांना गर्भनिरोधक देतात. ऐकायला हे कठोर वाटतं. पण जिथं आधीच आलेल्यांना जागा पुरत नाही, तिथं पन्नास वर्षांच्या बंदिवासासाठी नवा जीव जन्माला घालायचा कशाला?

सर्वांत नाजूक काम असतं घरोबा जुळवण्याचं. अनोळखी चिंपांझी एकदम समोरासमोर आणले तर रक्तपात होतो. म्हणून आधी जाळीतून ओळख, मग एकास एक, मग तिसरा, असं करत महिने-महिने घालवून वीस-पंचवीस जणांचं कुटुंब उभं केलं जातं. कोण कुणाच्या बाजूनं उभा राहील, कोण कुणाला समजावेल, हे सांभाळणाऱ्यांना माहीत असावं लागतं. आपल्याकडे लग्न जुळवणाऱ्या जाणत्या बायकांना जे कळतं, तशाच प्रकारचं हे शहाणपण आहे.

हा खर्च कुणी करायचा? अमेरिकेत डिसेंबर २००० मध्ये कायदा झाला, की सरकारी संशोधनातून मोकळ्या झालेल्या चिंपांझींना मारायचं नाही, त्यांना आश्रयस्थान द्यायचं. त्यानुसार लुईझियाना राज्यात 'चिम्प हेवन' उभं राहिलं आणि २००५ साली तिथं पहिले रहिवासी आले. कायद्यात खर्चाला तीन कोटी डॉलरची मर्यादा घातली होती. २०१३ मध्ये ती संपत आली, चिंपांझी मात्र जिवंत होते! संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. दरम्यान २०११ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं सांगितलं होतं, की चिंपांझींवरचे बहुतेक वैद्यकीय प्रयोग अनावश्यक आहेत. २०१५ मध्ये सरकारी आरोग्य संस्थेनं ते पूर्ण थांबवले. तरी २०१९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ४४ म्हाताऱ्या, आजारी चिंपांझींना प्रवास झेपणार नाही, म्हणून ते तिथंच राहतील, असा निर्णय झाला. त्यावर खटला झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयानं तो निर्णय कायद्याच्या विरुद्ध ठरवला. प्रयोग संपवणं एका सहीचं काम होतं. प्रयोगातून उरलेल्या जिवांना सांभाळणं पिढीभराचं.

आफ्रिकेतली आश्रयस्थानं वेगळ्या दुःखातून उभी राहिली. तिथं येतात ती अनाथ पिल्लं. मांसासाठी आईला गोळी घालतात आणि तिला चिकटलेलं पिल्लू बाजारात विकायला आणतात. म्हणून कुणाच्या घरी हौसेनं पाळलेलं पिल्लू दिसलं, की त्यामागं निदान एक आई मेलेली आहे, असं धरून चालावं. बोनोबो राहतात ते फक्त काँगो प्रजासत्ताकाच्या पलीकडे, काँगो नदीच्या दक्षिणेला, काँगो लोकशाही प्रजासत्ताकात. तिथं किन्शासाजवळ क्लोदीन आंद्रे यांनी १९९४ साली सुरू केलेलं 'लोला या बोनोबो' हे आश्रयस्थान आहे. लिंगाला भाषेत त्याचा अर्थ बोनोबोंचा स्वर्ग. दूध आणि औषध मिळालं तरी कुशीवाचून ही पिल्लं जगत नाहीत, हे तिथं अनुभवातून कळलं. म्हणून तिथं स्थानिक बाया आईच्या जागी नेमलेल्या असतात. त्यांना 'मामा'च म्हणतात. दिवसभर पिल्लं त्यांच्या अंगाखांद्यावर असतात. या पिल्लांचा थोडाफार काळ आईजवळ आणि जंगलात गेलेला असतो, मग ती एकमेकांच्या संगतीत वाढतात. त्यामुळे २००९ मध्ये त्यांच्यातल्या काहींना खरोखरच जंगलात परत पाठवता आलं. तेही आधी जंगल निवडून, तिथल्या गावकऱ्यांना विश्वासात घेऊन आणि नंतर पाळत ठेवून.

युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातल्या न्गांबा बेटावर १९९८ पासून असेच अनाथ चिंपांझी राहतात. बेट साधारण शंभर एकरांचं. दिवसभर ते रानात असतात, संध्याकाळी जेवायला आणि झोपायला परत येतात. रान खरं आहे, पण सगळ्यांचं पोट भरेल एवढं मोठं नाही. म्हणून माणसाला रोज वाढावंच लागतं.

आता 'सोडून देणं' कशाला म्हणतात ते बघू. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात न्यूयॉर्क ब्लड सेंटर या संस्थेनं १९७४ पासून चिंपांझींवर काविळीचं संशोधन केलं. संशोधन थांबल्यावर उरलेल्यांना नदीच्या मुखाजवळच्या बेटांवर ठेवलं. तिथं ना पुरेसं अन्न, ना गोडं पाणी. सगळं होडीनं पोचवावं लागे. २०१५ साली संस्थेनं त्यासाठीचे पैसे बंद केले. साठाहून अधिक जीव बेटांवर, आणि देश नुकताच इबोलाच्या साथीतून उठत होता. तेव्हा तिथले स्थानिक कामगार, ज्यांच्या घरातही फार काही नव्हतं, जमेल ते अन्न होडीत घालून जात राहिले. पुढं प्राणिकल्याण संस्था मदतीला आल्या, जगभरातून टीका झाली आणि २०१७ मध्ये ब्लड सेंटरनं साठ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. बेटावर गज नव्हते, कुलपं नव्हती. दुरून बघणाऱ्याला ते चिंपांझी मोकळेच वाटले असते. मोकळे होते, म्हणूनच उपाशी होते.

हे सगळं परदेशातलं झालं, आपला काय संबंध, असं वाटेल. तर खिशातलं रक्तगटाचं कार्ड काढून बघा. 'ओ पॉझिटिव्ह', 'बी निगेटिव्ह' असं त्यावर लिहिलेलं असतं. हे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणजे 'आरएच' घटक. १९४० साली लागलेल्या या शोधात ऱ्हीसस माकडाचं रक्त वापरलं होतं, त्याच्यावरूनच हे नाव पडलं. ऱ्हीसस म्हणजे आपल्या उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड. पोलिओची लस तयार करायला याच माकडांची मूत्रपिंडं लागत आणि पन्नासच्या दशकात भारतातून ती फार मोठ्या संख्येनं परदेशी गेली. फक्त वैद्यकीय कामासाठी देऊ केलेली माकडं लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगांत वापरली जातात, हे उघड झाल्यावर १९७८ मध्ये, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, भारतानं निर्यात बंद केली. आपल्या मुलांना पोलिओचा डोस पाजताना त्या माकडांची आठवण कुणाला होत नाही. ते स्वाभाविक आहे. पण देणं होतं, हे नाकारता येत नाही.

आणि मदारी? माझ्या लहानपणी मोहल्ल्यात डमरू वाजला की आम्ही पोरं जेवणावरून उठून पळायचो. माकडीण ओढणी घेऊन रुसायची, माकड काठी खांद्यावर टाकून तिला आणायला जायचं. तिचे सुळे काढलेले असत, हे कुणी सांगितलं नव्हतं. १९९८ च्या अधिसूचनेनं माकड, अस्वल, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी आली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. योग्यच झालं. पण दोरीच्या एका टोकाला माकड होतं, तसा दुसऱ्या टोकाला माणूसही होता. तो पुष्कळदा माझ्याच नावाआडनावाचा असायचा, आणि तो खेळ सोडून त्याला दुसरं काही येत नसायचं. अस्वलांच्या बाबतीत हे ध्यानात घेतलं गेलं. कलंदर कुटुंबांना दुसऱ्या धंद्यासाठी मदत आणि मुलांना शाळा मिळाली, म्हणून त्यांनी अस्वलं आणून दिली आणि २००९ मध्ये नाचणाऱ्या अस्वलांची प्रथा संपल्याचं जाहीर झालं. माकडवाल्याची दोरी मात्र नुसत्या कायद्यानं कापली. मग काही जण ती चोरून पुन्हा बांधतात. प्राणी सोडवायचा तर त्याच्यावर पोट असलेल्या माणसालाही सोडवावं लागतं. लायबेरियातल्या होडीवाल्यांनी आणि किन्शासाच्या मामांनी दाखवून दिलं आहे, की गरीब माणूस या कामात आड येत नाही. त्याला त्यातून भाकरी मिळाली तर तोच ते काम तडीला नेतो.

आपल्या हातात काय आहे? माकडाचं किंवा कपीचं पिल्लू विकत घ्यायचं नाही, कुणी घेतलं तर कौतुक करायचं नाही. लंगोट घातलेल्या, बाटलीनं दूध पिणाऱ्या पिल्लाची फिल्म मोबाइलवर आली, तर पुढं पाठवण्याआधी विचारायचं, की याची आई कुठं आहे? मोठा झाल्यावर हा कुठं जाणार? पाच-सहा वर्षांत तो माणसाला आवरेनासा होतो आणि मग उरलेली चाळीस वर्षं पिंजरा.

'अनामत' हा शब्द आपण रोज वापरतो. तो मूळचा अरबीतला 'अमानत'. विश्वासानं हाती दिलेली वस्तू, जी जपावी लागते आणि जिचा हिशेब द्यावा लागतो. हे प्राणी आपल्या हाती कुणी विश्वासानं दिले नव्हते, आपण ते ओढून आणले. तरी आता ते आपल्या हातात आहेत, तेव्हा अनामतीचे नियम लागू होतात. फ्लोरिडाच्या बेटांवर, न्गांबावर, किन्शासाजवळ आज सकाळीही कुणीतरी टोपल्या भरून फळं नेली असतील. उद्याही न्यावी लागतील. सोडवणं म्हणतात ते हेच.